भिंतीला ताप

सिद्धेश्वरी दुपारी भिंतीला गाल लावून झोपते. थंडीच्या दिवसांत मधल्या खोलीची ती भिंत उबदार असते, म्हणून तिनं स्वतःच शोधून काढलेली जागा. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, त्या दिवशी ती झोपलीच नाही. उठून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, भिंतीला ताप आलाय."

चार वर्षांची पोर. मी हसले, हात पुसले आणि तिच्या समाधानासाठी जाऊन भिंतीला पालथा हात लावला. लावला आणि काढून घेतला.

आमचं घर सोलापुरात भवानी पेठेत, वर राहणं आणि खाली काम. मागावरून उतरलेले टॉवेल आमच्याकडे येतात. आम्ही ते धुतो, वाळवतो, कडा शिवतो आणि गठ्ठे बांधून देतो. वाळवायला एक मोठा ड्रायर आहे. पुण्यातल्या एका हॉटेलनं काढून टाकलेला, चार वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे गुरुसिद्धप्पा मामांनी, टेम्पोत घालून आणला. त्याची गरम हवा बाहेर काढायला पाइप हवा होता. समोर रस्ता, मागं शेजाऱ्याची भिंत, म्हणून पाइप वर नेला. खालून निघतो, आमच्या मधल्या खोलीच्या भिंतीत बसवलेला आहे, वरून नुसता गिलावा, आणि गच्चीवर त्याचं तोंड. त्या गिलाव्याला माझी मुलगी रोज गाल लावत होती.

दीड वर्षाची असताना तापात तिला झटका आला होता. डोळे वर गेलेले, हातपाय ताठ. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे. तारीख, वेळ, ताप किती, औषध कुठलं. घरातले हसतात. पण डॉक्टर विचारतात तेव्हा उत्तर माझ्याकडेच असतं. त्या दुपारी मी वहीचं मागचं पान उघडलं, 'भिंत' असं लिहिलं, आणि खालचा ड्रायर कधी सुरू झाला आणि टॉवेल वाळल्यावर त्याचा कर्कश भोंगा कधी वाजला ते टिपायला बसले. एक तास आणि बारा मिनिटं. सिद्धी तान्ही असताना तिला मांडीवर घेऊन मी हा भोंगा वाजेपर्यंत डुलकी काढायची, कारण त्यानं ती दचकून उठायची. तेव्हा चाळीस मिनिटांत वाजायचा. हे मला पक्कं आठवतं. ती चाळीस मिनिटं हीच माझी दिवसातली झोप होती.

मग मी मोबाइलमधल्या त्या एआयला विचारलं. पाककृती, सिद्धीच्या शाळेचा अर्ज, अंगावर उठलेलं पुरळ, असं काय काय मी त्याला विचारत असते. टाइप केलं, ड्रायर फार गरम होतोय, काय करू. त्यानं मोठ्या आपुलकीनं सांगितलं की ड्रायर केसांपासून वीतभर लांब धरावा, ओल्या हातानं लावू नये, आणि न्हाणीघरात तर वापरूच नये.

मी परत विचारलं. टॉवेल वाळवायचा मोठा ड्रायर आहे, पाइपात कापूस अडकतो का? आमच्या धंद्यात टॉवेलातून जे बारीक बारीक सुटतं, हवेत उडतं, भुवयांवर बसतं, त्याला सगळे नुसतं कापूसच म्हणतात. यावर उत्तर आलं की कापसाचे कपडे ड्रायरमध्ये आटतात, तेव्हा कमी तापमान ठेवावं. मी बी.एस्सी. झालेली बाई, केमिस्ट्री घेऊन. मला त्या यंत्राचा राग आला नाही, माझाच आला. ज्याला कापूस म्हणजे काय ते ठाऊक नाही त्याच्याशी मी आमच्या पेठेतल्या बायकांशी बोलावं तसं बोलत होते. तिसऱ्यांदा लिहिलं: टॉवेलातून सुटणारे तंतू, ते हवेबरोबर पाइपात जातात.

मग मात्र त्याला समजलं. त्यानं आठ मुद्दे दिले. यंत्रातली जाळी दर वेळी साफ करा, हा पहिला. पुढं बरंच काही. हे तंतू फार लवकर पेटतात, वाळायला जास्त वेळ लागू लागला की पाइप तुंबला असं समजा, वर्षातून एकदा तरी जाणकार माणसाकडून साफ करून घ्या. घराबाहेर जाऊन भिंतीवरची झडप नीट उघडते का तेही बघा. त्याच्या मनातलं घर वेगळंच होतं. बैठं, भोवती हिरवळ, एका खोलीत छोटासा ड्रायर, आणि फोन केला की येणारा पाइप साफ करणारा माणूस. सोलापुरात स्वयंपाकघरातली चिमणी साफ करणारे आहेत. मी एकाला फोन लावलाही. तो म्हणाला, ताई, भिंतीतला पाइप मी करत न्हाई, पण चिमणी असली तर सांगा.

मी मात्र एकच शब्द घेऊन बसले होते. पेटतात.

संध्याकाळी शिवकुमार आले तेव्हा मी त्यांना भिंतीला हात लावायला लावला, वही दाखवली, मोबाइल दाखवला. माझे यजमान शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या मोबाइलवर त्याच एआयला विचारलं की थंडीत ड्रायरला जास्त वेळ लागतो का. ते म्हणालं, हो, बाहेरची हवा गार असली की लागू शकतो, काळजीचं कारण असेलच असं नाही. यांनी ते मला दाखवलं. खाली त्यालाही बरीच यादी होती. ती त्यांनी वाचली नाही आणि, खरं सांगायचं तर, मीही वाचली नाही. मी पहिली ओळ वाचूनच चिडले होते.

मामा दारात चहा पीत बसले होते. त्यांनी दोघांचं ऐकलं.

"तुझं यंत्र तुझ्या बाजूनं बोलतंय, ह्याचं ह्याच्या," ते म्हणाले. "त्यापेक्षा वकील परवडला. तो निदान एकाचाच असतोय की."

सगळे हसले. मीही हसले, पण रात्री सिद्धीचं अंथरूण स्वयंपाकघरात घातलं. आणि मामांचं ते बोलणं डोक्यातून गेलं नाही, कारण ते खरं होतं. यांनी कारण शोधत विचारलं, त्यांना कारण मिळालं. मी घाबरून विचारलं, मला भीती मिळाली. पाइप कसा आहे हे त्याला दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांकडे गेल्यावर मी कधी 'माझ्या मुलीला काही होईल का' असं विचारत नाही. वही पुढं ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी शिलाईच्या टेबलावरची टेप घेतली आणि पाइप मोजला. खाली ड्रायरमागं वाकून, जिन्यात चढून, जिथं भिंतीत शिरतो तिथून वर अंदाजानं. रेवणप्पा, जो ड्रायर चालवतो आणि मामांच्या लग्नाच्या आधीपासून या घरात आहे, तो मला विचारायला लागला की वैनी, पाइपाला झबलं शिवताय का. मी म्हटलं, व्हय, थंडी वाजतीय त्याला. मग वर येऊन सगळं लिहिलं. सव्वीस फूट लांब. दोन ठिकाणी वळण. चुण्या चुण्या असलेला, वाकणारा पाइप. पूर्वी चाळीस मिनिटं, आता बहात्तर. भिंत इतकी गरम की तळहात दहा अंक मोजेपर्यंत ठेवता येत नाही. पलीकडे लहान मूल झोपतं.

या वेळी उत्तर वेगळं आलं. आधी त्यानं सरळ सांगितलं की त्याला पाइप दिसत नाही, मी दिलेल्या मापांवरूनच ते बोलतंय. पण या मापांवरून तरी हा पाइप तुंबलेला वाटतो, थंडीचं कारण पुरत नाही. पाइप साफ होईपर्यंत ड्रायर चालवू नका आणि मुलीला त्या खोलीत झोपवू नका. मग त्यानं विचारलं की गच्चीवर पाइपाच्या तोंडाला काही लावलंय का. जाळी, कापड, काहीही.

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या गच्चीवर मी कपडे वाळत घालते, पण पाइपाचं तोंड टाकीच्या मागं आहे, तिकडं कुणी जात नाही. मी गेले.

तोंडाला मच्छरदाणीचं कापड होतं. दुहेरी. सुतळीनं करकचून बांधलेलं आणि वर मामांची गाठ. गठ्ठा बांधताना ते तीन वेढ्यांची एक गाठ मारतात, ती दुसऱ्या कुणाला सुटतही नाही. कापडाच्या आतून एक उशीच तयार झाली होती. राखाडी, घट्ट, बोट रुतवलं तर रुतेना. आणि ड्रायर खाली चालू होता, तरी त्या तोंडाशी मी हात धरला तेव्हा हाताला वारा असा लागलाच नाही.

कठड्यापलीकडे कमलम्मांची गच्ची. कमलम्मा कडक भाकरी करून विकतात. शेजारच्या सगळ्या पेठा त्यांच्याकडून नेतात. पातळ, पापडासारख्या भाकरी चार ओळींत वाळत होत्या आणि त्या फडक्यानं माशा हाकत बसल्या होत्या. मला तिकडं वाकलेली बघून म्हणाल्या, "काय गं अक्षता, सासऱ्याचं धन पुरलंय का तितं?"

मी खाली आले. मामांना विचारलं, कापड का बांधलंय? त्यांनी लपवलं नाही. दोन वर्षांपूर्वी पाइपातून कापूस उडायला लागला आणि वाऱ्यानं थेट कमलम्मांच्या भाकरीवर. गिऱ्हाईकाच्या तोंडात धागा आला. कमलम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या, कानडीत जे बोलल्या ते मामांनी मला मराठीत सांगितलं नाही. तेव्हा मामांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शब्द दिला, की माझ्या कापसाचा एक धागा तुमच्या भाकरीवर पडणार नाही. आणि तोंड बांधलं.

"म्हंजे बांधलं ते बांधलं," ते म्हणाले. "त्यास हात लावायचा न्हाई. शब्द हाय माझा."

मी म्हटलं, आत कापसाची उशी झालीय, हवा बाहेर पडत नाही, सगळी उष्णता भिंतीत जातीय. ते म्हणाले, दोन वर्षं काही झालं नाही. मी म्हटलं, दोन वर्षांत चाळिसाची बहात्तर मिनिटं झाली, म्हणजे रोज थोडं थोडं होतंच आहे. ते म्हणाले, शनिवारी हॉटेलचा माल जायचाय, मग बघू. आवाज कुणाचाच चढला नाही. आमच्या घरात मामांपुढं आवाज चढवायची रीत नाही, आणि मला ती मोडायची नव्हती.

मी जिन्याखालच्या मेन स्विचपाशी गेले. दांडा खाली ओढला, ड्रायरचा फ्यूज काढला आणि पदरात बांधला. ड्रायरचं फिरणं हळू होत होत थांबलं. शिलाईच्या दोघी बायकांनी मान वर केली. रेवणप्पा टॉवेलचा ढीग छातीशी धरून तसाच उभा.

मी मामांना म्हटलं, "तुमचा शब्द मोडायला मी सांगत नाही. पण माझी पोर त्या भिंतीला गाल लावून झोपते. पाइप साफ होईपर्यंत हे मी परत लावणार नाही. तुम्ही म्हणाल तर मी माहेरी टेंभुर्णीला जाते, पण फ्यूज घेऊन जाईन."

मामांनी माझ्या पदराच्या गाठीकडे बघितलं. त्यांना राग आला की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. शेवटी ते म्हणाले की ते यंत्र काय सांगतंय ते तरी ऐकू. मला वाटलं ते टोमणा मारतायत. पण त्यांनी हात पुढं केला. मी मोबाइल दिला, बोलायचं बटण दाखवलं आणि म्हटलं, तुम्हीच विचारा. मी काही शिकवत नाही त्याला.

मामांनी मोबाइल तळहातावर प्रसादासारखा धरला आणि मोठ्यानं बोलले, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. "हे बघा, आमच्या ड्रायरचा कापूस शेजारच्या भाकरीवर पडू द्यायचा न्हाई. त्यासाठी तोंड बांधलंय. सून म्हणती सोड. शब्द दिलाय तर आमी काय करावं?"

त्यातलं त्याला कितपत कळेल मला शंका होती. पण ते बोलायला लागलं. बाईचा आवाज, पुस्तकी मराठी. म्हणालं, शेजाऱ्यांच्या अन्नावर तंतू पडू नयेत ही तुमची काळजी योग्यच आहे. मात्र पाइपाच्या तोंडाशी कापड बांधणं धोक्याचं आहे. तंतू अडवायचे तर ते यंत्राजवळ अडवावे लागतात. त्यासाठी यंत्रात जाळी असते, ती दर वेळी साफ करावी.

"कुटली जाळी?" मामांनी विचारलं.

ते म्हणालं, मोठ्या ड्रायरमध्ये बहुधा खालच्या कप्प्यात एक सपाट जाळी असते, चौकटीत बसवलेली, बारीक तारेची. तुमच्या यंत्रातली जाळी सध्या कुठे आहे?

माझ्या पहिल्या यादीत पहिला मुद्दा हाच होता. यांच्या मोबाइलवरच्या यादीतही नक्की असणार. आम्ही शिकलेली दोघं, डोळ्यांनी वाचत होतो, म्हणून ती ओळ ओलांडून पुढं गेलो. आपल्या यंत्रात असलं काही नाही, हे आम्ही धरूनच चाललो होतो. मामा ऐकत होते. ऐकणाऱ्याला ओळ ओलांडता येत नाही.

मामांनी रेवणप्पाकडे बघितलं. रेवणप्पानं टॉवेलचा ढीग खाली ठेवला.

"मालक," तो म्हणाला, "ती न्हाई का चौकट. सारकी तुंबायची म्हणून मीच काढली की. काढल्यावर टावेल बी लवकर वाळाया लागले."

"आन् मग?"

"मग तुमीच न्हाई का देऊन टाकली. कमलम्मांस्नी."

हळूहळू सगळं जुळलं. मामांचा चेहरा बघूनच मला ते जुळताना दिसलं. जाळी काढली म्हणून कापूस पाइपात जायला लागला, पाइपातून गच्चीवर, गच्चीवरून भाकरीवर. भांडण मिटवताना मामांनी शब्द दिला, वर बिनकामाची म्हणून तीच स्टीलची चौकट कमलम्मांना भेट दिली. भाकरी तिच्यावर पसरा, खालून वारा लागेल, असं म्हणून. दोन वर्षं कमलम्मांच्या भाकरी आमच्या जाळीवर वाळत होत्या, आणि त्या भाकरींसाठी आम्ही आमच्या भिंतीत कापूस भरत होतो.

मामा हसले नाहीत. मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "जा. तू माग. मला मागायला तोंड न्हाई."

मी फ्यूज पदरात तसाच ठेवून कमलम्मांच्या गच्चीवर गेले. सिद्धीला कडेवर घेतलं, कारण तिला त्या घरात एकटीला सोडायचं माझं धाडस नव्हतं, आणि थोडं याही कारणानं, की कमलम्मा लहान पोरापुढं कमी बोलतात. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. जाळीवर त्या वेळीही भाकरी होत्या. मी म्हटलं, अव्वा, दिलेली वस्तू परत मागू नये, पण ही आम्हाला पाहिजे. बदल्यात तेवढीच दुसरी जाळी मी आणून देते.

कमलम्मांनी एकेक भाकरी उचलून सुपात ठेवली. सगळ्या ठेवून झाल्यावर चौकट उभी केली, उन्हात धरून बघितली.

"लई चांगली जाळी हाय," त्या म्हणाल्या. "तरी म्हटलं, गुरुसिद्धप्पा एवडं चांगलं मला कशाला देतोय. ज्याचं मोल त्याला ठावं न्हाई त्येच तो देतोय." मग सिद्धीच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. "न्हे ही जाळी. पण सांग तुज्या सासऱ्याला, शब्द मला दिलाय, कापडाला न्हाई."

हे वाक्य मी खाली येऊन मामांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, उठले, गच्चीवर गेले आणि आपली गाठ स्वतः सोडली. ती त्यांनाही सहज सुटली नाही. दात लावावे लागले.

पाइप साफ करायला कोणी माणूस येणार नव्हताच. मी पुन्हा विचारून घेतलं, या वेळी आमच्याकडे काय काय आहे ते सांगून. ते म्हणालं, वीज बंद ठेवा, यंत्र पूर्ण गार होऊ द्या, नुसतं ढकलू नका, ढकललं की कापूस वळणात आणखी घट्ट बसेल. आरपार दोर घालता आला तर ओढून काढा. आणि हेही, की जमेल तेवढ्या लवकर चुण्यांचा पाइप काढून आतून गुळगुळीत पत्र्याचा बसवा, भिंतीत लपवून नको, दिसेल असा. दोर कसा घालायचा ते मात्र त्याला विचारावं लागलं नाही. परकराची नाडी ओवलेली कुठलीही बाई ते जाणते. प्लंबिंगची लवचीक पट्टी यांनी दुकानातून आणली, तिच्या टोकाला सुतळी, सुतळीला दोर, दोराच्या मधोमध खराट्याचे तुकडे बांधलेला टॉवेलचा बोळा. वर मामा आणि शिवकुमार, खाली रेवणप्पा आणि मी. नाकाला रुमाल. वरून हाक आली की आम्ही सैल सोडायचं, खालून हाक दिली की त्यांनी.

पहिल्या ओढीला काहीच आलं नाही. चौथ्या ओढीला आला. लांबच्या लांब, पाइपाच्याच आकाराचा, जणू पाइपाच्या आत दुसरा पाइप. रेवणप्पानं तो दारात आडवा ठेवला. त्यात काय नव्हतं. टॉवेलातला निळा धागा, गुलाबी धागा, कुणाचं तरी बटण, एका हॉटेलाच्या नावाची चिठ्ठी. तीन गोण्या भरल्या. खालच्या वळणाजवळून जे निघालं ते राखाडी नव्हतं. खाली यंत्राच्या बाजूचं ते टोक तपकिरी होतं, चहासारखं, आणि मधे हाताच्या पंजाएवढं काळं. हातात घेतलं तर चुरा झाला. इस्त्री विसरल्यावर कापडाला येतो तो वास.

शिवकुमार जिना उतरून आले होते. त्यांनी तो चुरा बोटांवर घासला. नंतर मोबाइल काढला आणि आपण केलेला तो थंडीचा प्रश्न, खालची सगळी यादी, उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकट साबणानं धुतली. पिठाचे कण तारांत बसले होते. खालच्या कप्प्यात ती अशी बसली जशी कालच काढली होती. पहिला लॉट लावायच्या वेळी रेवणप्पा माझ्याकडे बघत होता. मी पदराची गाठ सोडून फ्यूज मामांच्या हातात दिला. त्यांनी तो लावला आणि जिना चढून वर आले.

मला वाटलं चहा मागतील. ते मधल्या खोलीत गेले. सिद्धी नेहमीच्या जागी बसून बाहुलीला थर्मामीटर लावत होती. तिला उचलून त्यांनी दारात, माझ्याजवळ बसवलं, आणि भिंतीला तळहात टेकून उभे राहिले. मी म्हटलं, मामा, बसा तरी. ते बसले नाहीत. मधे एकदा हात बदलला. सिद्धीनं विचारलं, आजोबा, ताप आहे का? ते म्हणाले, "बघतोय की."

भोंगा वाजला तेव्हा त्यांनी माझी वही मागितली. मागचं पान उघडलं. माझ्या बहात्तरच्या खाली त्यांनी काहीतरी लिहिलं आणि वही परत दिली. मामांची शाळा अक्कलकोटकडची, कानडी. आकडे ते अजून कानडीतच लिहितात. मला एक आणि चार ओळखू येतात, म्हणून वाचता आलं. एक्केचाळीस.

पत्र्याचा नवा पाइप पुढच्या आठवड्यात बाहेरच्या अंगानं बसवायचा ठरला आहे. तोवर ड्रायर चालू असला की सिद्धी त्या खोलीत जात नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं आहे आणि कुणी हसलं नाही. जाळीवरचा कापूस रेवणप्पा दर लॉटनंतर काढतो. मामा रोज वर येतात, भिंतीला हात लावतात, वहीत आकडा लिहितात. सिद्धीच्या तापाच्या तारखा पुढून, भिंतीच्या मागून. पाच, सहा, आठ, नऊ असे कानडी आकडे मी आता शिकते आहे. बहात्तरातला सात मला अजून घोटाळ्यात टाकतो. तो दिसला की मी मामांना विचारते, हा किती? आणि ते सांगेपर्यंत माझा हात भिंतीवर असतो.